दात, हिरड्या आणि आपली साखर



या पानावर आम्ही एरवी बेणे, खताचे हप्ते, खोडव्याची राखण, पाण्याच्या पाळ्या अशा विषयांवर लिहितो. या वेळी दातांविषयी लिहावयाचे ठरविले आहे. विषय ठरला तेव्हा एका जुन्या सभासदांनी आम्हाला हटकलेच. "साखर आपणच करायची, आणि साखर बेतानं खा म्हणून आपल्याच अंकात छापायचं, हे कसं काय?" आम्ही म्हटले, ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये ही म्हण काही शहरातल्या माणसाने केलेली नसणार. ती ऊस लावणाऱ्यानेच केली असणार. पण हा विषय घ्यावा असे आम्हाला का वाटले ते आधी सांगतो.

काही हंगामांपूर्वीची गोष्ट. जानेवारीची थंडी होती आणि गाडीतळावर गाड्यांची रांग लागली होती. एक गाडीवान डोक्याला मफलर गुंडाळून जुवाला टेकून बसला होता. डावा गाल इतका सुजलेला, की त्या बाजूचा डोळा अर्धा मिटला होता. चौकशी केली तर म्हणाला, "दाढ ठणकायलीय. तंबाखू दाबून धरलीय, व्हईल कमी." दवाखान्यात चल म्हटले तर म्हणे, "नंबर आलाय माझा. काट्यावर गाडी गेल्याबिगर कसं येऊ?" गाडी खाली व्हायला मध्यरात्र झाली. पहाटे त्याची बायको रडत गेटवर आली. त्याच्या गळ्याखाली दगडासारखी सूज आली होती. पाण्याचा घोट उतरत नव्हता, बोलणे घोगरे झाले होते आणि धाप लागली होती. जीप काढून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. डॉक्टरांनी हनुवटीखाली बाहेरून चिरा देऊन पू काढला आणि दाढ उपटली. माणूस वाचला. पण "आणखी थोडा उशीर झाला असता तर सुजेने श्वासनलिकाच दाबली असती," असे डॉक्टर म्हणाले. पंधरा-वीस दिवसांची त्याची तोड बुडाली. उचल अंगावर तशीच राहिली. बायको सांगत होती, "घरून कोयता घेऊन निघालो तवापासून दुखत होती ती दाढ."

दाढेने माणूस मरणाच्या दारात जातो, हे तोवर आम्हालाही खरे वाटत नव्हते.

कीड कसली?

दात किडला असे आपण म्हणतो. जुन्या लोकांची तर पक्की समजूत की दातात खरोखरीचा किडा असतो. आठवड्याच्या बाजारात अजून कुठे कुठे असा माणूस दिसतो, जो भुईरिंगणीच्या बियांची धुरी देतो आणि मग वाटीतल्या पाण्यात पांढरे बारीक 'किडे' काढून दाखवतो. ते किडे नसतात. धगीने बी फुटते आणि आतला वळलेला कोंब बाहेर पडतो, तोच तो. दुखरी दाढ असलेल्या माणसाला तेवढे बारीक पाहायला धीर कुठला? फ्रान्समधील पिएर फोशार या दंतवैद्याने १७२८ साली दातांवर मोठा ग्रंथ लिहिला. दातातला किडा आपल्याला कधी पाहायला मिळाला नाही, असे त्याने त्या काळीच सांगून ठेवले. पुढे १८९० मध्ये बर्लिनला काम करणाऱ्या मिलर नावाच्या संशोधकाने खरे कारण पुढे आणले. तोंडातले सूक्ष्म जंतू साखर-पिठाचे आम्ल बनवतात आणि ते आम्ल दात विरघळवते.

तरीही आपल्या सभासदाला समजावायला किडीचेच उदाहरण बरे पडते. उसात खोडकीड शिरते तेव्हा बाहेर टाचणीएवढे भोक दिसते. आत मात्र कोंब पोखरून निघालेला असतो, आणि पोंगा वाळला की मग आपल्याला कळते. दाताचेही तसेच आहे. दाताचे वरचे पांढरे कवच, म्हणजे इनॅमल, हे आपल्या शरीरातले सर्वांत कठीण द्रव्य. हाडापेक्षाही कठीण. पण त्यात जीव नाही. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते. इनॅमलला एकदा खड्डा पडला की तो आपला आपण भरत नाही. त्याच्याखाली डेंटीन नावाचा थर असतो, तो मऊ असतो. त्याच्याही आत गाभा, आणि त्या गाभ्यात नस व रक्तवाहिन्या. वरचा कठीण थर किडायला वेळ लागतो. एकदा खालच्या मऊ थरात शिरकाव झाला की मग आत बोगदा पडायला फार दिवस लागत नाहीत. थंड पाण्याने सणक येते ती या टप्प्यावर. कीड गाभ्यात पोहोचली की रात्रभर झोप लागत नाही.

यात एक गोष्ट फसवी आहे. ठणका मारणारी दाढ एके दिवशी आपोआप शांत होते. माणूस म्हणतो, बरी झाली. ती बरी झालेली नसते. आतली नस मेलेली असते. जंतू मात्र मुळाच्या टोकातून जबड्यात उतरत असतात. आमच्या गाडीवानाचेही बहुधा असेच झाले असावे, कारण मधला महिनाभर दाढ अजिबात दुखली नव्हती, असे तो नंतर सांगत होता.

मिल धुतात कशासाठी?

आता थोडे कारखान्यातले सांगतो. ऊस तोडल्यावर तो लवकरात लवकर, चोवीस तासांच्या आत, गाळला जावा असा आपला आग्रह असतो. तो का, हे बहुतेकांना ठाऊक आहे. वजन घटते, उतारा पडतो. पण आणखीही एक कारण आहे. शिळ्या उसात ल्यूकोनॉस्टॉक नावाचे जंतू वाढतात. ते साखर खातात आणि तिच्यापासून एक चिकट, बुळबुळीत पदार्थ बनवतात. त्याला डेक्स्ट्रन म्हणतात. रस त्यामुळे दाट होतो, गाळताना चोंदतो आणि पॅनमध्ये दाणा नीट धरत नाही. मिलच्या रोलरखाली, रसाच्या नाळीत, कोपऱ्याकोपऱ्यांत हा बुळबुळीत थर जमतो आणि आंबूस वास सुटतो. म्हणून दर पाळीला गरम पाणी आणि वाफ मारून मिल धुवावी लागते. न धुता आठवडाभर चालवली, तर केमिस्ट साहेब आणि मिलचे लोक यांच्यात काय संवाद होतो तो इथे छापता येण्यासारखा नाही.

आपल्या तोंडात अगदी हेच चालते. तिथे काम करणाऱ्या मुख्य जंतूचे नाव स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. लंडनच्या क्लार्क यांनी १९२४ साली तो किडलेल्या दातांतून वेगळा काढला. हा जंतूही साखरेपासून डेक्स्ट्रनच्याच जातीचा चिकट पदार्थ बनवतो आणि त्याच्या आधाराने दाताला चिकटून बसतो. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली तर जो बुळबुळीत थर लागतो, तो हाच. डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात. नुसती चूळ भरून तो जात नाही. रोलरवरचा बुळबुळीत थर काय बादलीभर गार पाणी ओतून निघतो?

या थराखाली जंतू साखरेचे आम्ल करतात. जमिनीचा सामू म्हणजे पी.एच. आपण माती परीक्षणाच्या अहवालात पाहतो. तोंडातला सामू एरवी सातच्या जवळपास असतो. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांत प्लाकखालचा सामू घसरतो, आणि साडेपाचाच्या खाली गेला की इनॅमलमधला चुना-फॉस्फेट विरघळायला लागतो. मग लाळ कामाला लागते. आपण आंबट रसाला चुना घालून सामू सातवर आणतो, तेच काम लाळ करते. तिच्यातही कॅल्शियम असते, आम्ल मारणारे क्षार असतात. अर्धा ते एक तासात ती सगळे पूर्वपदावर आणते, थोडीफार झीजही भरून काढते. (तंबाखूत मळायच्या चुन्यालाही हाच न्याय लावून कोणी खूश होऊ नये. तो चुना तोंडाची आतली त्वचा भाजतो आणि तंबाखूचे विष रक्तात लवकर शिरवतो, एवढेच त्याचे काम.)

किती खाल्ली यापेक्षा कितीदा खाल्ली

वरचा हिशेब नीट लक्षात घ्या, कारण सगळी मेख त्यात आहे. एकदा गोड खाल्ले की अर्धा-पाऊण तास दात आम्लात. दिवाळीला पंगतीत बसून चार करंज्या एकदम खाल्ल्या, तर आम्लाचा एकच फेरा. पण सकाळी सहाला चहा, आठला चहा-बिस्किट, दहाला बांधावर कोणी भेटले म्हणून चहा, दुपारी सोसायटीत, चारला, मग संध्याकाळी पाहुणा आला म्हणून, असे सहा-सात वेळा झाले तर लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. शेताला पाणी एकदा भरपूर देऊन वाफसा येऊ दिला तर मूळ टिकते. रोज थोडे थोडे सोडून रान कायम चिबडे ठेवले तर मूळ कुजते. तसेच हे.

याचा मोठा पुरावा स्वीडनमधील आहे. तिथल्या लुंड शहराजवळ व्हिपेहोम नावाचे मतिमंद रुग्णांचे इस्पितळ होते. १९४५ नंतर काही वर्षे तिथल्या रुग्णांना निरनिराळ्या गटांत विभागून निरनिराळ्या प्रकारे साखर देण्यात आली. काहींना जेवणात, काहींना जेवणाच्या मध्ये चिकट टॉफीच्या रूपात. निकाल १९५४ साली प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर गोड खाणाऱ्यांचे दात फारसे जास्त किडले नाहीत. दिवसभर मधूनमधून चिकट टॉफी खाणाऱ्यांचे भराभर किडले. ज्यांना होकार-नकार देता येत नव्हता अशा माणसांचे दात मुद्दाम किडविले गेले, हे फार वाईट झाले, आणि आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. त्या प्रयोगाला साखर आणि चॉकलेटच्या धंद्यातून पैसा मिळाला होता, हेही आम्ही लपवीत नाही. निकाल मात्र त्या धंद्याला नको होता तसाच लागला. पुढे स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेट रोज न देता फक्त शनिवारी द्यायचा रिवाज पडला. तो आपणही उचलायला हरकत नाही. आठवडी बाजाराचा दिवस आपल्याकडे आहेच!

आता प्रमाणाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेली साखर, गूळ, मध, फळांचे रस यांतून मिळणारी शक्ती एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवता आली तर अधिक चांगले. मोठ्या माणसाला दहा टक्के म्हणजे दिवसाला साधारण ५० ग्रॅम, पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम, सुमारे सहा लहान चमचे. पाच माणसांच्या घराला दिवसाला २५ ग्रॅमप्रमाणे महिन्याला पावणेचार किलो, ५० ग्रॅमप्रमाणे साडेसात किलो. यात बिस्किटे, थंड पेये, बाजारची मिठाई सगळे धरायचे. सवलतीच्या दराने मिळणाऱ्या साखरेचे पोते घरात उघडे असले की चमचा जरा सैल सुटतो, हे आमच्याही घरचे आहे.

गुळाविषयी सभासद हमखास विचारतात. गूळ साखरेपेक्षा बरा नाही का? गुळात थोडे लोह, थोडे क्षार असतात हे खरे. पण दाताच्या दृष्टीने गुळातला मोठा भाग साखरच, आणि वर तो चिकटतो. काकवीचेही तेच. आणि ऊस? ऊस खाल्ला की दात साफ होतात, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. चोथ्याने दाताचा पुढचा भाग घासला जात असेल, चावताना लाळही सुटते. पण हिरडीच्या कडेला आणि दोन दातांच्या फटीत चोथा पोहोचत नाही, रस मात्र पोहोचतो. आम्ही काही ऊस खाऊ नका म्हणणार नाही. म्हटले तरी कोण ऐकणार? एका बैठकीला खावा आणि नंतर पाण्याने खळखळून चूळ भरावी. फक्त दाताने कांडे सोलायची पैज लावू नये. त्यात दाताचे टवके उडालेले तरणे पोर आम्ही पाहिले आहे. कोयता कशासाठी दिला आहे?

हिरड्यांची हुमणी

दात किडण्याने जातात हे सर्वांना माहीत आहे. पण चाळिशीनंतर धडधाकट, एकही भोक नसलेले दात हलू लागतात आणि एकेक करून हातात येतात, हे कशाने? हुमणीने ऊस जातो तो आठवा. वरून पाने पिवळी पडतात, आपण म्हणतो पाण्याची ओढ बसली. बेट हलवून पाहिले तर मुळे खाल्लेली, ऊस अलगद हातात येतो. हिरड्यांचा रोग तसा आहे. आपण पायोरिया म्हणतो तो हाच.

प्लाक रोजच्या रोज काढला नाही तर लाळेतल्या क्षारांनी तो दगडासारखा घट्ट होतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला पिवळट-काळपट खर लागतो, तो पाहा. त्याला टार्टर म्हणतात. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना आतून खर धरतो तसाच. नळ्यांचा खर काढायला आपण गाळप थांबवून क्लिनिंग घेतो, कॉस्टिक उकळवतो, ब्रश-कटर घालतो. रोजच्या पाण्याने तो निघत नाही. दाताचा खरही घरी ब्रशने निघत नाही. तो दंतवैद्याकडून काढून घ्यावा लागतो.

इथे एक गैरसमज आडवा येतो. "दात साफ करून घेतले आणि हलायला लागले" असे सांगणारा माणूस प्रत्येक गावात एक तरी असतोच. खरी गोष्ट अशी, की आतले हाड आधीच झिजलेले असते आणि खराच्या बांधाने दात एकमेकांना धरून राहिलेले असतात. बांध काढला की खरी स्थिती उघडी पडते. तो बांध तसाच ठेवला तर हाड झिजतच राहते.

पहिली खूण म्हणजे ब्रश करताना रक्त येणे. निरोगी हिरडीतून रक्त येत नाही. रक्त दिसले की लोक घाबरून ती जागा घासायचीच सोडतात, आणि तिथेच चुकते. रक्त येते ते तिथे प्लाक साचला आहे म्हणून. मऊ ब्रशने रोज नीट साफ करीत राहिले तर आठवड्या-दोन आठवड्यांत रक्त बहुधा थांबते. या टप्प्याला रोग पूर्ण बरा होतो. न थांबले, हिरडी दातापासून सुटली, पू येऊ लागला, तोंडाला वास सुटला तर मात्र दंतवैद्य गाठावा. झिजलेले हाड सहसा परत येत नाही, आहे ते टिकवता येते. पायोरिया दुखत नाही, म्हणूनच तो वाढतो.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर हे विशेष वाचावे. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा रोग जोर धरतो, आणि हिरड्यांचा रोग पेटलेला असला की रक्तातली साखर आटोक्यात येत नाही. दोन्ही एकमेकांना हात देतात. गरोदरपणीही हिरड्या सुजतात, रक्त येते. तेव्हा बायकांनी घासणे सोडू नये, उलट अधिक काळजीने घासावे.

घासायचे कसे?

दोन वेळा घासावे. त्यातली रात्रीची वेळ अधिक महत्त्वाची, आणि आपण नेमकी तीच गाळतो. झोपेत लाळ फार कमी सुटते, म्हणजे चुना घालणारा कामगार रजेवर. जेवण झाल्यावर दात घासून झोपावे, त्यानंतर पाण्याखेरीज काही नको. ब्रश मऊ घ्यावा. जोर लावून आडवा रंधा मारू नये. त्याने दाताच्या मानेशी खाचा पडतात. ब्रश हिरडी आणि दाताच्या सांध्यावर तिरपा धरून लहान लहान गोल फिरवावा, आतून बाहेरून, दाढांच्या चावायच्या बाजूने, अगदी शेवटच्या दाढेपर्यंत. दोन मिनिटे लागतात. दोन मिनिटे म्हणजे थोडी नव्हेत, एकदा घड्याळ लावून पाहा. पेस्ट हरभऱ्याएवढी पुरते. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात ती त्यांच्या फायद्यासाठी. पेस्टवर फ्लोराइड लिहिलेले पाहून घ्यावी. फ्लोराइडने इनॅमल आम्लाला दाद देत नाही. घासून झाल्यावर फेस थुंकावा, भांडेभर पाण्याने चुळा भरून ते सगळे धुऊन टाकू नये. ब्रशचे केस फाकले की, नाहीतर तीन-चार महिन्यांनी, ब्रश बदलावा.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड भागांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त असले तर वाढत्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे हाडांनाही त्रास होतो. तिथली पाहुणी मंडळी आपल्याकडे असतील तर त्यांनी पाणी तपासून घ्यावे.

दातवण वाईट नाही. कडुलिंबाची किंवा बाभळीची ताजी काडी नीट चावून तिचा कुंचा करून हळू फिरवली तर प्लाक निघतो. पण आपण ती तोंडात धरून गावभर फिरतो, दात घासतो थोडे आणि गप्पा मारतो फार. आतली बाजू तर राहूनच जाते. राखुंडी, विटेची भुकटी, जाडे मीठ, कोळसा यांनी दात पांढरे दिसतात, कारण कवचच घासले जाते. आणि जेवणानंतर सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी, सायकलची तार यांनी दात कोरणारे सभासद आम्ही वार्षिक सभेतसुद्धा पाहिले आहेत. ते आधी सोडावे.

सहाव्या वर्षाची दाढ

आईबापांना एकच गोष्ट सांगायची असेल तर आम्ही ही सांगू. मुलाला सहा-सात वर्षे झाली की दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, वर-खाली दोन्ही बाजूंना, एकेक नवी दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरात कोणाला पत्ता लागत नाही. किडली तरी लोक म्हणतात, दुधाची आहे, पडेल. ती पडत नाही. ती कायमची दाढ असते आणि साऱ्या चावण्याचा भार पुढे जन्मभर तिच्यावर असतो. दहा-बारा वर्षांची पोरे दवाखान्यात येतात तेव्हा नेमकी तीच दाढ काढून टाकायची पाळी आलेली असते.

दुधाचे दातही सोडून देऊ नयेत. ते खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा राखून ठेवतात. तान्ह्याला झोपताना तोंडात साखरेच्या दुधाची बाटली देऊ नये. पुढचे दात रात्रभर दुधात भिजतात आणि दोन वर्षांच्या आत काळे पडून झिजतात. पहिला दात दिसला की मऊ ब्रशने तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावून घासायला लागावे. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने घासून द्यावे. कोपीवर आलेल्या तोडकऱ्यांच्या मुलांकडे हे कोण बघणार, असा प्रश्न आहे. साखरशाळेतल्या बाईंनी सकाळी ओळीने उभे करून सगळ्यांकडून दात घासून घेतले, तर खर्च ब्रशापुरताच येईल. संचालक मंडळाने यावर विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

खेळताना पडून पक्का दात मुळासकट निघाला तर तो टाकू नये. मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरावा. माती लागली असेल तर दुधाने किंवा क्षणभर पाण्याने धुवावा, पुसू मात्र नये. जमल्यास तिथल्या तिथे खोबणीत बसवावा, नाहीतर दुधाच्या पेल्यात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे. असा दात परत रुजतो. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

मिश्री, तंबाखू, गुटखा

हे लिहिताना आमचा हात जरा अडखळतो, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या खिशात या क्षणी चंची असेल. आणि माजघरात मिश्रीचा डबा. बायका म्हणतात, मिश्रीने दात घट्ट होतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, दुसरे काही नाही. दिवसाला एकदा दात घासायला म्हणून सुरू होते आणि मग चार-पाच वेळा बोट लावल्याशिवाय डोके चालत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या दर पाच प्रौढांमागे एकाहून जास्त माणसे धूर न निघणारी तंबाखू वापरीत असल्याचे दिसले. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. ती कशी पाळली जाते ते टपरीवर दिसते.

तंबाखू जिथे दाबून ठेवतात तिथली हिरडी खाली सरकते, दाताचे मूळ उघडे पडते. नुसत्या सुपारीनेही गालाची आतली त्वचा ताठ आणि पांढरी होत जाते, तोंड उघडेनासे होते. आपल्याच हाताची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे महिन्यातून एकदा पाहावे. जात नसतील तर डॉक्टरकडे जावे. तसेच आरशासमोर उजेडात गाल, जीभ, जिभेखालची जागा पाहावी. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, कारण नसता हलणारा दात, मानेत गाठ, यांतले काही दिसले तर दुखत नाही म्हणून थांबू नये. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही. या टप्प्यावर सापडला तर बरा होतो. आमच्या एका सभासदांनी असा चट्टा वर्षभर 'गरम पडलंय' म्हणून सोडून दिला. शेवटी अर्धा जबडा काढावा लागला. आता ते पेज पितात, खुणेने बोलतात, पण ऊस नोंदणीला दरवर्षी स्वतः येतात. आपला हा मजकूर त्यांच्या परवानगीने छापला आहे. नाव घालू का विचारले तेव्हा त्यांनी मान हलवली, नको.

उरलेल्या शंका

दाढ काढली की नजर जाते का? नाही. दाताची नस आणि डोळ्याची पाहण्याची नस वेगवेगळ्या आहेत. साठीला दातही पडतात आणि नजरही मंदावते, म्हणून लोकांनी सांगड घातली.

दाढ दुखली तर ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवू नये, हिरडी भाजते. लवंगेच्या तेलाचा बोळा तात्पुरता चालतो. गालाला सूज आली असेल तर बाहेरून शेक देऊ नये. आणि सूज गळ्याखाली उतरली, गिळता येईना, तोंड उघडेना, ताप भरला, तर काट्यावरचा नंबर सोडून गाडी दुसऱ्याच्या हवाली करावी आणि तडक मोठ्या दवाखान्यात जावे. जिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो. त्या प्रसंगानंतर आमच्या गाडीतळावर एक रिवाज पडला आहे. आजारी गाडीवानाचा नंबर शेजारचा गाडीवान सांभाळतो आणि काट्यावरचा कारकून तो मान्य करतो.

ज्यांची कवळी आहे त्या वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द. रात्री कवळी काढून ठेवावी, हिरड्यांना विसावा मिळतो. ती साध्या पाण्यात बुडवून ठेवावी. कढत पाण्यात टाकली तर आकार बिघडतो आणि मग बसत नाही. तिलाही रोज मऊ ब्रशने साबण लावून घासावे, राखुंडीने नव्हे. धुताना खाली पाण्याची बादली ठेवावी. हातातून निसटली तर फरशीवर फुटते, पाण्यात फुटत नाही.